फळीवरची किल्ली

उद्या सकाळी अकरा वाजता तात्पुरत्या आदेशाची मुदत संपणार होती आणि घरातल्या एकाही माणसाने अजून सही केली नव्हती. रविवारची दुपार होती. जेवणं उरकली होती, खाली दुकान बंद होतं आणि वरच्या खोलीत चार माणसं टेबलाभोवती एकमेकांची नजर चुकवत बसली होती. नजर चुकवणं हे या घराचं जुनं कसब. कुलपं बनवण्याच्या खालोखाल तेच त्यांना चांगलं जमायचं.

टेबलाच्या मधोमध आत्याचा टाइपरायटर होता. कॉम्प्युटर घ्या म्हणून तिला सांगून सगळे थकले होते. आत्याने कोर्टात एकतीस वर्षं टायपिंग केलं, तेही नऊ बोटांनी. उजव्या हाताची करंगळी चाळीस वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याने दारात चिरडली, ती वाकडीच राहिली. तेव्हा ती याच खोलीत येऊन बसली होती आणि तिच्या वडिलांनी तिला चहा पाजून संध्याकाळच्या गाडीने परत पाठवलं होतं. तिने अर्ज केला, तर कारकुनाने त्यावर लाल शाईने ‘घरगुती बाब’ असं लिहून तो तिच्याच हातात दिला. पुढे आत्या सुटली ती नवरा मेला म्हणून. त्यात कायद्याचा काही वाटा नव्हता.

“नीट ऐका,” आत्या म्हणाली. “हा नवा कायदा येऊन दीड वर्ष झालं. आधी अंगावर वळ असेल तरच कोणी मान वर करून बघायचं. मागे मागे येणं, कामाच्या जागेसमोर उभं राहणं, दिवसाला चाळीस फोन करणं, याला गुन्हा म्हणतच नव्हते. रस्ता सगळ्यांचा आहे म्हणायचे. आता याला गुन्हा म्हणतात. पण त्याला लांब ठेवणारा पाच वर्षांचा आदेश हिच्या एकटीच्या शब्दावर मिळत नाही. डोळ्यांनी पाहिलेला माणूस लागतो. एक तरी.”

‘ही’ म्हणजे धाकटी. ती भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसली होती. आठ महिन्यांपूर्वी नवऱ्याचं घर सोडल्यापासून ती कुठेही गेली तरी अशीच बसायची. ती दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या घडवायची. नखांच्या कडांना प्लास्टरचा पांढरा थर कायमचा बसलेला. लोकांच्या हसण्याची सोय करणारी ही मुलगी स्वतः शेवटची कधी हसली होती, ते टेबलाभोवतीच्या कोणालाही सांगता आलं नसतं.

“डोळ्यांनी पाहिलेला माणूस समोर बसलाय,” ती म्हणाली. “दादाने तीनदा पाहिलंय.”

थोरल्याने चहाचा रिकामा कप उचलला, आत पाहिलं आणि परत ठेवला. तो शहरबसचा ड्रायव्हर होता. त्याचा मार्ग बहिणीच्या प्रयोगशाळेवरूनच जायचा आणि तीनदा, वेगवेगळ्या दिवशी, त्याने समोरच्या फुटपाथवर तो माणूस पाहिला होता. एकदा तर तो थोरल्याकडे पाहून हात हलवून हसलाही होता. वाईट म्हणजे थोरल्याने, सवयीने, हॉर्न वाजवून उत्तर दिलं होतं. हे त्याने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

“पाहिलं खरं,” तो म्हणाला. “पण तो नुसता उभा होता गं. पेपर वाचत होता.”

“तीन दिवस तोच पेपर?” आत्याने विचारलं.

“आत्या, तुम्हाला सोपं आहे बोलणं.” थोरल्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “मी उद्या तिथे उभा राहिलो, तर कोणाविरुद्ध उभा राहतोय? बायकोच्या सख्ख्या भावाविरुद्ध. मला परत घरीच यायचंय की नाही?”

“तुला घरी यायचंय,” धाकटी म्हणाली. “मलाही.”

दोन घरांत दोन सोयरिकी झाल्या होत्या, एकीकडून मुलगी आली, एकीकडे मुलगी गेली. लग्नांच्या वेळी सगळ्यांना त्याचं केवढं कौतुक वाटलं होतं. आता त्यातला एक धागा ओढला की दुसरा आवळत होता.

बाबा टेबलाच्या टोकाला, हात मांडीवर ठेवून बसले होते. अजूनही त्यांच्या तोंडून ‘जावई’ असाच शब्द यायचा आणि मग ते जीभ चावायचे. जावई होण्याआधी तो माणूस सहा वर्षं त्यांच्या दुकानात कारागीर होता. कानस धरायला त्यांनीच त्याला शिकवलं. असा हात पोटच्या मुलाचाही नव्हता. मुलगी त्याला देताना ते मनात म्हणाले होते की, दुकानाला वारस मिळाला. या विचाराची आता त्यांना इतकी शरम वाटायची की ते आरशात पाहून दाढी करायचं टाळत.

“सगळं वाचते,” आत्या म्हणाली. “काही चुकत असेल तर आत्ता बोला. उद्या तिथे कोणी तोंड उघडायचं नाही.”

तिने आठ परिच्छेद एका सुरात वाचले. भिंतीवर आपटलेलं डोकं, फोनचे आकडे, तिची पहिली खोली त्याने शोधून काढली तो दिवस, दुसरी शोधून काढली तो दिवस. आत्ताची तिसरी. तिचा पत्ता कागदावर नव्हताच. नव्या कायद्याने ती सोय दिली होती: पत्ता सीलबंद पाकिटात, फक्त न्यायाधीशांसाठी. या घरातही तो फक्त बाबांना माहीत होता, कारण कुलूप त्यांनी बसवलं होतं. त्यांनी तो थोरल्यालाही सांगितला नव्हता.

“परिच्छेद नऊ,” आत्याने वाचलं. “गुरुवारी संध्याकाळी मी कामावरून परतले तेव्हा दार नेहमीप्रमाणे बंद होते. आत ओट्यावर माझा कप धुऊन पालथा ठेवलेला होता. सकाळी मी तो न धुता गेले होते. टॉवेलची घडी तीन पदरी घातलेली होती. अशी घडी माझे पती घालत असत.” आत्याने चष्मा काढला. “पोलिसांनी काय लिहून घेतलं?”

“जबरदस्तीने प्रवेश केल्याच्या खुणा नाहीत,” धाकटी म्हणाली. “मग त्या साहेबांनी विचारलं, झोप नीट लागते का?”

“कुलूप?”

“जसंच्या तसं.”

“किल्ल्या कोणाकडे?”

“दोन्ही तिच्याकडे,” बाबा म्हणाले. “मी स्वतःच्या हाताने दिल्यात.”

धाकटीने पर्समधून दोन्ही किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या.

“मग तो आत गेला कसा?”

“गेलाच नाही,” बाबा म्हणाले. आता त्यांच्या आवाजात जोर आला. सकाळपासून कायद्याच्या गोष्टी चालल्या होत्या, त्यात त्यांना गम्य नव्हतं. कुलपांची गोष्ट निघाल्यावर ते ताठ बसले. “सात खटक्यांचं कुलूप आहे ते. मी केलेलं. ते किल्लीशिवाय उघडणारा माणूस अजून जन्माला यायचाय. तार घालून, हलवून, ठोकून, काही करा. आणि उघडलं तरी आत ओरखडा राहतोच. मी शुक्रवारी जाऊन भिंग लावून पाहिलं. ओरखडा नाही.”

“मग कप कोणी धुतला, बाबा?”

“तूच धुतला असशील. घाईत होतं असं.”

“आणि टॉवेल?”

“अगं, चार वर्षं तो तशी घडी घालताना पाहिलीस. हाताला सवय लागते. तुझं मन थाऱ्यावर नाही, पोरी. भास होतात माणसाला.”

ते मायेने बोलले होते. म्हणूनच ते जास्त लागलं. चार वर्षं तिचा नवरा तिला रोज हेच ऐकवत होता, तुला आठवत नाही, तुला भास होतात. त्याने वस्तू जागेवरून हलवायच्या आणि तिने शोधत बसायचं. हे तिने बाबांना कधी सांगितलं नव्हतं. आत्ता सांगावं असं तिच्या मनात आलं. पण सांगितलं असतं, तर तेही भासातच जमा झालं असतं.

आत्याने तो परिच्छेद पुन्हा एकदा वाचला. तिचा भाचीवर विश्वास होता. पण कोर्टही तिला माहीत होतं. “बाळा,” ती शेवटी म्हणाली, “त्याचा वकील पहिले आठ बाजूला ठेवेल आणि हाच धरून बसेल. कुलूप शाबूत, किल्ल्या हिच्याकडे, वडील स्वतः कुलूपवाले आणि तेही म्हणतात कोणी आलं नाही. म्हणजे बाई भ्रमिष्ट. म्हणजे बाकीचंही खोटं. एका कपापायी सगळं बुडेल.”

“मग काय करू?”

“हा काढू या.”

धाकटीने बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली.

तिने पेन घेतलं आणि परिच्छेद नऊवर वरून खाली एकच तिरकी रेघ मारली. नियमाप्रमाणे शेजारी छोटी सही केली. “भासच असेल,” ती म्हणाली. आठ महिने जी एक गोष्ट तिने घट्ट धरून ठेवली होती, की मला आठवतंय ते खरं आहे, ती तिने आपल्या माणसांच्या समोर, आपल्याच हाताने खाली ठेवली. कोणाला ते कळलंही नाही. उलट सगळ्यांना हायसं वाटलं.

स्वयंपाकघरात वहिनी नळ बंद करून उभी होती. तिला सगळं ऐकू आलं होतं. शुक्रवारी भावाचा फोन आला होता. हवापाण्याचं बोलून झाल्यावर तो सहज म्हणाला होता, तुझ्या नणंदेने पिवळी चादर घेतलीय, तिला तर पिवळा रंग डोळ्यासमोर चालायचा नाही. आणि हसला होता. चादर वाळत घातलेली दिसली असेल, असं वहिनीने स्वतःला समजावलं. पण म्हणजे घर सापडलं, हेही तिला त्याच क्षणी समजलं होतं. तीन दिवस ती ते पोटात घेऊन फिरत होती. आदेश मोडला म्हटल्यावर सरळ तुरुंग, हे आत्याबाईंनीच सांगितलं होतं. आणि लहानपणी ताप आला की हाच भाऊ तिच्या उशाशी बसायचा.

तिने पदराला हात पुसले आणि बाहेर आली. “अहो,” ती नवऱ्याला म्हणाली, “करा सही.”

थोरला तिच्याकडे बघतच राहिला.

“तुम्ही पाहिलंत ना? मग करा. माझ्या माहेरचं मी बघेन.”

तिला वाटलं, एवढं केलं की बाकीचं नाही सांगितलं तरी चालेल. माणूस स्वतःशी असे सौदे करतो आणि वर त्यात आपला मोठेपणा पाहतो. धाकटीने उठून तिचा हात धरला, तेव्हा वहिनीला तो सोडवून घ्यावासा वाटला.

थोरल्याने सही केली. हॉर्नबद्दल तो काही बोलला नाही.

“सहीशेजारी अंगठा लागतो,” आत्या म्हणाली. “शाईची पॅड कुठाय?”

“खाली गल्ल्याच्या खणात,” बाबा म्हणाले. “आणतो.” गुडघा दुखत असूनही ते स्वतः उठले. कधी नव्हे ते त्यांना बरं वाटत होतं. मुलगा मुलीच्या बाजूने उभा राहिला होता. सून उभी राहिली होती.

दुकानात अंधुक उजेड होता. त्यांनी खण उघडला, पॅड घेतली आणि वळताना सवयीने फळीकडे पाहिलं. ती फळी त्यांच्या वडिलांची. भिंतभर लाकूड, त्यावर चारशेच्या वर खिळे. घराण्याचा नियम होता: आपण बसवलेल्या प्रत्येक कुलपाच्या दोन किल्ल्या गिऱ्हाइकाला, एक आपल्या फळीवर. कोणाची किल्ली हरवली तर दार फोडावं लागू नये. सत्तर वर्षांत या फळीवरून एक किल्ली गैर हातात गेली नव्हती. अख्खी वस्ती या फळीच्या भरवशावर झोपायची. फळीवरची किल्ली बाबा कधी मोजायचेच नाहीत. कोणी विचारलं की दोन म्हणायचे. तिसरी त्यांच्या लेखी कुलपाचाच एक भाग होती.

खालून तिसरी ओळ, उजवीकडचा खिळा रिकामा होता.

त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. खिळा रिकामाच होता. तिथल्या, धाकटीच्या खोलीच्या किल्लीला त्यांनी स्वतः पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली होती. बिनचिठ्ठीची किल्ली फळीवर जात नाही. नाव लिहायचं त्यांनी टाळलं होतं. कोणाला कळायला नको म्हणून नाव न लिहिता, सुवाच्य अक्षरात, फक्त पत्ता लिहिला होता. त्या वेळी आपण किती सावध आहोत असं त्यांना वाटलं होतं.

आणि मग मागचा सोमवार आठवला. जावई आला होता. आपल्या कानशी न्यायला. “बाबा, गुडघा कसा आहे?” असं त्याने विचारलं होतं. कारागिराची हत्यारं अडवून ठेवायची नाहीत, हाही वडिलांचाच नियम. पेटी माळ्यावर होती. शिडी लावून, चढून, उतरून येईपर्यंत पाच-सहा मिनिटं तो दुकानात एकटा होता. मनाई केलेल्या जागांच्या यादीत दुकान नव्हतंच. पहिल्या अर्जाच्या वेळी आत्याने विचारलं होतं, दुकान घालू का? आणि बाबा म्हणाले होते, नको, धंद्याच्या जागी पोलीस नकोत. सोमवारचं त्यांनी कोणाला सांगितलं नाही. उगाच पोरीला त्रास कशाला, म्हणून.

ते खाली स्टुलावर बसले. वर न जाता असंच बसून राहता आलं असतं तर ते बसले असते. खिळा रिकामा आहे हे फक्त त्यांनाच माहीत होतं. दुसरी किल्ली कापायला दहा मिनिटं लागली असती. सत्तर वर्षांचा लौकिक शाबूत राहिला असता. हा विचार त्यांच्या मनात आला, पूर्ण आला आणि मग त्यांना स्वतःची इतकी किळस आली की ते भिंत धरून उठले.

वर वहिनीला राहवत नव्हतं. “चादर तू बाल्कनीत वाळत घालतेस का गं?” ती हळूच म्हणाली.

“कुठली चादर?”

“पिवळी.”

धाकटी तिच्याकडे वळली. “मला बाल्कनी नाही, वहिनी,” ती म्हणाली. “खोलीला एकच खिडकी आहे. तीही आतल्या चौकात उघडते. चादर मी आतच वाळवते.”

वहिनीने जवळची खुर्ची ओढली. “शुक्रवारी त्याचा फोन आला होता,” एवढंच तिच्या तोंडून निघालं.

तेवढ्यात बाबा दारात आले. हातात पॅड होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली, पण हात काही केल्या तिच्यावरून निघेना.

“तुला भास झाला नव्हता,” ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. सोमवार, पेटी, शिडी, खिळा, चिठ्ठी. उभ्या उभ्या, खाली बघत. थोरला खुर्ची मागे ढकलून उठला, काही बोलायला गेला आणि त्याला हॉर्न आठवला. तो परत बसला.

धाकटीच्या चेहऱ्यावर आधी जे आलं, ते पाहून आत्याला भडभडून आलं. ती सुटका होती. त्या माणसाकडे आपल्या दाराची किल्ली आहे हे कळल्यावर त्या मुलीला पहिल्यांदा काय वाटलं, तर मी वेडी नाही. “कप मी धुतला नव्हता,” ती म्हणाली. “मी सांगत होते ना.” मग ती सुटका ओसरली आणि उरलेलं सगळं एकदम तिच्या अंगावर आलं. ती परत भिंतीला टेकली.

“मला वाटलं होतं,” ती बाबांना म्हणाली, “निदान माझी तरी फळीवर लावणार नाही.”

“मला वाटलं,” बाबा म्हणाले, “तुझी तर लावायलाच हवी. तुझी हरवली तर उघडणार कोण?”

ते रडायला लागले. धाकटी त्यांच्याकडे नुसती पाहत राहिली.

“मी आत्ता जाऊन कुलूप बदलतो,” ते म्हणाले. “आत्ताच्या आत्ता. फळीला किल्ली लावणार नाही. शपथ.”

“कुलूप बदलाल, बाबा. पत्ता?”

आत्याने कागद ओढून घेतला. परिच्छेद नऊवरची तिरकी रेघ आणि शेजारची छोटी सही तिने पाहिली. एकदा खोडून सही केलेलं परत कसं उभं करायचं, आज भास म्हणून उद्या खरं कसं म्हणायचं, त्यावर त्याचा वकील काय बोलेल, हे सगळं तिला शब्दन्‌शब्द ठाऊक होतं. असे कागद तिने एकतीस वर्षं टाइप केले होते. तरी तिने नवा कोरा कागद यंत्रात घातला. करायला दुसरं काही नव्हतंच.

“पहिल्यापासून लिहू,” ती म्हणाली. “दादाचा जबाब, वहिनीचा फोन, तुझ्या बाबांचा सोमवार. सगळं. पाकीटही नवं करावं लागेल.” तिने नऊ बोटं कळांवर ठेवली. “आज कुठे राहणार आहेस? पाकिटात कुठला पत्ता घालू?”

थोरल्याने बायकोकडे पाहिलं. त्याचा संसार म्हणजे त्या माणसाच्या सख्ख्या बहिणीचा संसार. वहिनीने मान खाली घातली. बाबांनी खालच्या दुकानाकडे जाणाऱ्या जिन्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. आत्याचं घर तो माणूस लग्नाआधीपासून ओळखत होता. या घराच्या तर दाराचं कुलूपही त्यानेच बनवलेलं होतं.

आत्याची बोटं तशीच कळांवर राहिली. धाकटीने टेबलावरच्या दोन किल्ल्या उचलल्या, क्षणभर पाहिल्या आणि बाबांसमोर सरकवल्या.

“या आता कशाच्याच नाहीत,” ती म्हणाली आणि परत दाराकडे पाहू लागली.